सुई किती खोल जाते?

डर्मा रोलरच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक ठळक अक्षरांत छापलेला असतो: 540 सुया. दुसरा कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: 0.25, 0.5, 1 किंवा 1.5 मिलिमीटर. घेणारा बहुधा पहिला आकडा बघून खूश होतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘लांब सुई म्हणजे जास्त गुण’ असं मनाशी धरून चालतो. या वस्तूचा फायदा आणि तोटा, दोन्ही त्या दुसऱ्या आकड्यात आहेत. घरात, आरशासमोर उभं राहून हा रोलर फिरवायचा की नाही, याचं उत्तरही तिथंच मिळतं.

त्यासाठी आधी कातडीची जाडी माहीत हवी. चेहऱ्यावरचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडासाच जाड असतो. धूळ, जंतू, साबण, आपण लावतो ती बहुतेक क्रीमं, सगळ्यांना अडवण्याचं काम एवढासा थर करतो. त्याच्याखाली जिवंत पेशींचे थर असतात. हे सगळं मिळून बाह्यत्वचा होते आणि चेहऱ्यावर तिची एकूण जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच भरते. तिच्या खाली अंतःत्वचा. रक्ताच्या केशवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळं आणि कातडीला ताण देणारे कोलाजेनचे धागे इथं असतात. पापणीवर हे सगळे थर मिळूनही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतात, तर तळपायाची नुसती बाह्यत्वचाच त्याहून कितीतरी जाड असते.

बाह्यत्वचा सतत झडते आणि साधारण महिन्याभरात नवी होते. अंतःत्वचा झडत नाही. हा फरक महाराष्ट्रातल्या जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर वर्षानुवर्षं लिहिलेला आहे. दहाव्या-बाराव्या वर्षी केलेलं गोंदण ऐंशीव्या वर्षीही दिसतं, कारण सुईनं रंग अंतःत्वचेत नेऊन ठेवलेला असतो. तिथल्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळतात आणि धरून ठेवतात. एक पेशी मेली की तिचा रंग दुसरी उचलते. सुईबरोबर जे आत गेलं ते आत राहिलं. चेहऱ्यावर सीरम चोपडून लगेच त्यावरून लांब सुयांचा रोलर फिरवणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. पुढे त्याचा संबंध येणारच आहे.

सुयांनी टोचून व्रण सुधारतात ही कल्पनासुद्धा गोंदणाच्या यंत्रातूनच पुढे सरकली. चेहरा ताणून घेण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या चेहऱ्यावर पांढुरके व्रण राहत. मॉन्ट्रियलचे शल्यविशारद आंद्रे कामिरां आणि त्यांचे सहकारी दूसे ते व्रण झाकण्यासाठी कातडीच्या रंगाचं गोंदण करत. वर्षा-दोन वर्षांत तो रंग फिका पडला, पण त्यांना दिसलं भलतंच: व्रणाची जागा मऊ झाली होती आणि तिथं कातडीचा स्वतःचा रंग परत येऊ लागला होता. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, टोचण्याचा होता. मग त्यांनी यंत्रात रंग न भरताच व्रणांवर सुया चालवल्या आणि 1997 साली तो अनुभव प्रसिद्ध केला. त्याच्या दोन वर्षं आधी, 1995 मध्ये, अमेरिकेतल्या ओरेंट्राइक पितापुत्रांनी खड्ड्यांना खालून ओढून धरणारे तंतू कातडीखाली सुई घालून तोडण्याची पद्धत मांडली होती. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनचे प्लास्टिक सर्जन डेस फर्नांडिस याच दिशेनं काम करत होते. एकेक टोचणी करण्यापेक्षा पुष्कळ सुया एका फिरत्या नळकांड्यावर बसवाव्यात, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला आणि या उपचाराला शास्त्रीय पाया देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

टोचल्यावर आत घडतं ते असं. सुई अंतःत्वचेत पोचली की तिथल्या केशवाहिन्या फुटतात आणि रक्ताचा सूक्ष्म थेंब येतो. रक्तातल्या बिंबिका जखमेच्या जागी जमतात आणि वाढीचे संदेश देणारी रसायनं सोडतात. ती रसायनं तंतू तयार करणाऱ्या पेशींना बोलावतात. आधी कच्चं, घाईत विणलेलं कोलाजेन तयार होतं; नंतर त्याच्या जागी हळूहळू पक्कं कोलाजेन येतं. या दुसऱ्या कामाला महिने लागतात. म्हणून दवाखान्यात दोन बैठकांमध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर ठेवतात आणि खरा परिणाम तीन ते सहा महिन्यांनी बघतात. दुसऱ्या दिवशी आरशात चेहरा भरलेला, तुकतुकीत दिसतो, ती निव्वळ सूज असते. दोन-तीन दिवसांत ती उतरते आणि ‘गुण गेला’ म्हणून माणूस पुन्हा रोलर उचलतो. भरत आलेली जखम अशा वेळी पुन्हा उकरली जाते.

या उपचाराचं एक मोठं बळ आपल्यासारख्या कातडीच्या लोकांसाठी आहे. लेझरमध्ये उष्णता असते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी उष्णतेनं चटकन चिडतात आणि उपचाराच्या जागी काळे डाग राहतात. सुयांमध्ये उष्णता नसते, छिद्रांच्या मधली कातडी शाबूत राहते, त्यामुळे हा धोका कमी होतो. पूर्णपणे जात मात्र नाही. श्रीनगरचे त्वचारोगतज्ज्ञ इम्रान माजिद यांनी 2009 मध्ये चेहऱ्यावर खोलगट व्रण असलेल्या 37 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार पूर्ण केलेल्या 36 जणांपैकी 34 जणांच्या व्रणांची तीव्रता एका किंवा दोन श्रेणींनी कमी झाली. मुरुमांच्या खड्ड्यांनी कोमेजून गेलेल्या तरुण मुलामुलींसाठी हा आकडा खरोखर आशेचा आहे, आणि ती आशा खोटी नाही. फक्त ती दीड मिलिमीटरच्या आसपासच्या सुईची आहे. आधी बधिर करणारं मलम लावून, निर्जंतुक उपकरणानं, कुठं दाब द्यायचा आणि कुठं नाही हे जाणणाऱ्या हातांनी केलेल्या उपचाराची आहे. खड्ड्यांचेही प्रकार असतात. रुंद आणि उथळ, लाटेसारखे खड्डे सुयांनी चांगले भरतात. टाचणीनं भोसकल्यासारखे अरुंद, खोल खड्डे रोलरला फारशी दाद देत नाहीत. त्यांच्या तळाशी डॉक्टर आम्लाचा थेंब सोडतात किंवा तो भाग कापून काढतात. आपल्या गालावर कोणते आहेत, हे ठरवायला तज्ज्ञाची नजर लागते.

घरगुती रोलर याच आशेच्या जोरावर विकला जातो. 0.2 किंवा 0.25 मिलिमीटरची सुई कातडीवर दाबली की कातडी आधी खाली दबते, म्हणून प्रत्यक्षात सुई तिच्या लांबीपेक्षा कमीच आत जाते. ती वरच्या मेलेल्या थराला छिद्रं पाडते, त्यामुळे वरून लावलेलं औषध किंवा क्रीम थोडं जास्त आत मुरतं. तिचं काम इथं संपतं. खड्डे भरायचे तर अंतःत्वचेत जखम व्हावी लागते आणि ही सुई तिथवर नीट पोचत नाही. मग माणूस पुढचा विचार करतो: हिच्यानं होत नाही तर एक मिलिमीटरची मागवू, दीडची मागवू. अडचण तिथं सुरू होते. जी सुई व्रणावर काम करते ती रक्त काढते, आणि रक्त काढणारं हत्यार न्हाणीघरात निर्जंतुक करता येत नाही.

दवाखान्यात रोलर एकदाच वापरतात किंवा प्रत्येक रुग्णासाठी नवं, सीलबंद टोक काढतात. शस्त्रक्रियेची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसच्या वाफेत, दाबाखाली, निदान पंधरा मिनिटं ठेवतात. घरी आपण पाणी उकळतो. त्यात जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात, शिवाय रोलरचं प्लास्टिक वाकतं. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवणं हा घरातला त्यातल्या त्यात चांगला उपाय. मेडिकलच्या दुकानात 99 टक्क्यांचं मिळालं तर ‘जास्त कडक, जास्त चांगलं’ असं वाटतं, पण जंतूंची प्रथिनं गोठवायला अल्कोहोलबरोबर पाणीही लागतं, म्हणून 70 टक्केच उपयोगाचं. आणि तेसुद्धा बीजाणूंना मारत नाही. उथळ, रक्त न काढणाऱ्या सुईसाठी एवढी स्वच्छता चालून जाईल. अंतःत्वचेत शिरणाऱ्या सुईसाठी ती अपुरी आहे.

आता स्वस्तातला एखादा रोलर भिंगाखाली धरून बघा. 540 सुया म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा सुटी सुई एकही नसते. पत्र्याच्या पातळ चकत्यांना करवतीसारखे दाते कापलेले असतात आणि त्या चकत्या एकापुढे एक ओवून नळकांडं तयार केलेलं असतं. गोल, निमुळत्या टोकाऐवजी चपटा दाता कातडीत शिरला की छिद्राऐवजी चीर पडते. खोक्यावरचा ‘टायटॅनियम’ हा शब्दही बऱ्याचदा मुलाम्यापुरताच असतो. रोलर एकदा बेसिनवर किंवा फरशीवर पडला की काही टोकं आकड्यासारखी वळतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण कापसाच्या बोळ्यावरून हलकेच फिरवलं तर तंतू अडकतात. गालावरून तोच रोलर गेला तर अडकतात ते कातडीचे तुकडे. सुयांची संख्या जास्त असणं हाही गुण नाही. भीष्मांना बाणांच्या शय्येवर पडून राहता आलं, त्यामागचं गणित इथंही लागू पडतं: टोकं जितकी जास्त, तितका प्रत्येक टोकावरचा भार कमी. मग माणूस अधिक जोर लावतो, आणि गालाच्या हाडावर, कपाळावर, जिथं कातडीखाली मांस थोडं आहे, तिथं तो जोर जास्त खोल जातो. मोठ्या सुया आणि जास्त दाब यांमुळे चेहऱ्यावर रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर रेघा कायमच्या उमटल्याचं वैद्यकीय साहित्यात नोंदलं गेलं आहे. वाकडा फिरवला तर आणखीच वाईट. सुया कातडीत असताना रोलरची दिशा बदलली की प्रत्येक छिद्र फाटत जातं.

सीरमचा प्रश्न मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण त्याची जाहिरात सर्वांत गोड असते. एरवी क्रीममधले मोठे रेणू वरच्या थराला ओलांडूच शकत नाहीत. 500 डाल्टनहून जड रेणूंना ही वाट जवळपास बंद असते. रोलर ती वाट उघडतो, आणि मग हवं ते आणि नको ते, दोन्ही आत जातं. सौंदर्यप्रसाधनं कातडीच्या वर राहतील असं धरून तयार केलेली असतात. त्यातला सुगंध, टिकाऊपणासाठी घातलेली रसायनं, तेलं अंतःत्वचेत जातील हे कुणी गृहीत धरलेलं नसतं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तीन स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. मायक्रोनीडलिंगसोबत, म्हणजे सुयांच्या याच उपचारासोबत, वरून प्रसाधनं लावल्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर लाल, कडक गाठी उठल्या. परक्या कणांना शरीरानं घातलेले ते वेढे होते. त्यांतल्या दोघींनी व्हिटॅमिन सीचं सीरम वापरलं होतं. गोंदणाचा रंग जसा आत राहतो तसं इथं घडलं, फक्त शरीरानं तो पाहुणा स्वीकारला नाही.

आपल्याकडे सीरमच्या जागी आणखी काही येतं. रोलर फिरवून झाल्यावर लिंबाचा रस, हळद-बेसन, कुंडीतली कोरफड तोडून तिचा गर. कोरफडीच्या गरावर एरवी माझा राग नाही. पण कुंडीतल्या मातीचे जिवाणू आणि बुरशी त्या पानावर असतात, आणि हजारो उघड्या छिद्रांवर ते चोळणं म्हणजे संसर्गाला हाताला धरून घरात आणणं. लिंबानं कातडी जळते आणि वर ऊन लागलं तर काळे डाग पडतात. गोरं करणारी म्हणून विकली जाणारी स्टेरॉइडयुक्त क्रीमं अनेक घरांत वर्षानुवर्षं वापरली जातात. त्यांनी आधीच पातळ झालेल्या कातडीवर रोलर लावूच नये.

केसांसाठी रोलर वापरणारे पुरुषही आता पुष्कळ आहेत, आणि त्या लाटेचा एक उगम आपल्या मुंबईतच आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टक्कल पडत चाललेल्या 100 पुरुषांवर केलेला प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसतं 5 टक्के मिनॉक्सिडिल हे औषध, दुसऱ्याला त्याच्या जोडीला दर आठवड्याला दीड मिलिमीटरच्या सुयांचा रोलर. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस मोजले तेव्हा नुसत्या औषधाच्या गटात सरासरी 22 केस वाढले होते, रोलरच्या गटात 91. महापालिकेच्या रुग्णालयातलं हे संशोधन जगभर वाचलं गेलं याचा अभिमान वाटावा असंच आहे. पण ते वाचून दीड मिलिमीटरचा रोलर घरी मागवणाऱ्यांच्या नजरेतून दोन गोष्टी निसटतात. तिथं रोलर फिरवणारे हात डॉक्टरांचे होते. आणि टोचल्यावर मिनॉक्सिडिल लगेच लावायचं नव्हतं. हे औषध मुळात रक्तदाब उतरवणारं आहे; ताज्या छिद्रांतून ते रक्तात जास्त गेलं तर छातीत धडधड होऊ शकते, चक्कर येऊ शकते.

काही जणांनी रोलर, मग तो कितीही उथळ असो, हातात घेऊच नये. चेहऱ्यावर पिकलेले मुरूम असतील तर एका पुटकुळीतला पू सगळ्या गालावर पेरला जातो. ओठांवर वारंवार जर (हर्पीसचे फोड) येत असेल किंवा चेहऱ्यावर चामखीळ असेल तर तो विषाणू रोलरच्या वाटेनं पसरतो. कोड, सोरायसिस, लायकेन प्लॅनस या विकारांत जिथं कातडीला इजा होते तिथं नवा चट्टा उमटू शकतो. कान टोचल्यावर किंवा छातीवर मुरूम येऊन गेल्यावर ज्यांना टणक, वाढत जाणारी गाठ आली, त्यांची कातडी व्रण करताना हात राखून काम करत नाही. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि वांग असणाऱ्या बायकांना विशेष सांगणं: वांग चिडखोर असतो. तज्ज्ञ त्यावर सुयांचा उपयोग औषधांच्या जोडीनं, जपून करतात. घरच्या प्रयोगानं तो गडद होण्याचीच भीती जास्त.

एवढं सगळं ऐकूनही कातडी निरोगी असेल आणि 0.2 किंवा 0.25 मिलिमीटरचा रोलर वापरायचाच असेल, तर तो रात्री वापरावा. सौम्य साबणानं चेहरा आणि हात धुऊन कोरडे करावेत. रोलर अल्कोहोलमध्ये बुडवून हवेत वाळू द्यावा, टॉवेलला पुसू नये. मग त्याच्या स्वतःच्या वजनाहून थोडाच जास्त दाब देऊन उभा, आडवा आणि तिरका असा प्रत्येक दिशेनं चार-पाच वेळा फिरवावा, आणि दर वेळी दिशा बदलताना उचलावा. पापण्या आणि ओठ सोडून द्यावेत. किंचित गुलाबी झालं की पुरे. रक्त दिसलं तर सुई लांब आहे किंवा हात जड आहे, तिथंच थांबावं. दुखतं म्हणून बधिर करणारं मलम आणून फासू नये. घरी दुखणं हीच थांबण्याची खूण असते, ती पुसून टाकू नये. नंतर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, फळांची आम्लं दोन-तीन दिवस बाजूला. सकाळी सनस्क्रीन, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर छत्रीसुद्धा. आठवड्यातून एकदा खूप झालं, दोन आठवड्यांतून एकदा अधिक बरं. याचा मोबदला म्हणून फार तर कातडीचा पोत थोडा नितळ वाटेल. खड्डे तसेच राहतील.

खड्ड्यांसाठी पैसे साठवायचे असतील तर ते त्वचारोगतज्ज्ञाच्या फीसाठी साठवावेत. मुंबईत केईएम, शीव, जे. जे., पुण्यात ससून अशा सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. रांग लांब असते, पण केस पेपर काढून दाखवता येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 मध्ये पहिल्यांदा एका मायक्रोनीडलिंग पेनला मुरुमांच्या व्रणांसाठी मान्यता दिली, तीही 22 किंवा त्याहून जास्त वयाच्या रुग्णांपुरती आणि वैद्यकीय हातांतल्या वापरासाठी. पार्लरमध्ये कुणी हे करून देतो म्हणालं तर टोक आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून निघतंय का, करणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, हे विचारायला लाजू नये. त्याच 2018 साली अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात परवाना नसलेल्या एका स्पाची चौकशी सुरू झाली. तिथं गिऱ्हाइकाच्याच रक्तातला अंश सुयांनी त्याच्या चेहऱ्यात सोडण्याचा उपचार करत. हा उपचार घेतलेल्या निदान तीन स्त्रियांना तिथूनच एचआयव्हीची लागण झाल्याचा निष्कर्ष पुढे आरोग्य यंत्रणांनी काढला.

बहिणीचा, मैत्रिणीचा, वसतिगृहातल्या खोलीतला रोलर वापरू नये, आपला देऊ नये. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. आणि दहा-पंधरा वेळा वापरून टोकं बोथट झाली की रोलर ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात तसाच टाकू नये. जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत घालावा, झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी फिरवावी, मार्करनं ‘सुया आहेत’ असं लिहावं आणि घंटागाडीवाल्या ताईंच्या किंवा दादांच्या हातात ती बाटली वेगळी द्यावी, तोंडानं सांगून. आपला कचरा ही माणसं पुष्कळदा हातमोज्यांशिवाय निवडतात.